अंदाजाचं मीठ

अगं, टीव्हीवरच्या त्या स्वयंपाकाच्या स्पर्धेची निवड भोपाळला होती ना, तेव्हा आठवडाभर मला एकाच काळजीने झोप नव्हती. परीक्षकांनी विचारलं, "चखा था?" तर काय सांगू? नैवेद्य दाखवायच्या आधी मी काही चाखत नाही, मीठ नेहमी अंदाजाने. एरवी मला स्वतःच्या प्रत्येक गोष्टीत शंका, पण मिठाच्या बाबतीत नाही. लग्नाला सात वर्षं झाली, एकदाही चुकलं नाही.

पदार्थ घरून करून न्यायचा होता. पाटवडी रस्सा केला, देवापाशी दिवा लावून आले, नैवेद्याची वाटी काढली, उरलेला रस्सा डब्यात भरला आणि पाच वर्षांच्या ओवीला घेऊन बरखेड्याहून निघाले.

परीक्षकांनी रस्स्यात चमचा बुडवला आणि विचारलंच. म्हटलं, आता होऊन जाऊ दे.

"नहीं सर, हमारे यहाँ भगवान से पहले कोई नहीं चखता. नमक अंदाज़ से."

"कोई नहीं?"

"कोई भी नहीं," मी ठणकावून सांगितलं.

त्यांनी आणखी दोन चमचे घेतले. "मैडम, नमक एकदम बराबर! क्या हाथ है आपका!" आणि पुढच्या फेरीची चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी अशी काही फुलले की विचारू नकोस.

तेवढ्यात ओवीने त्यांची बाही ओढली.

"अंकल, नमक तो बाबा ठीक करते हैं. आई दिया लगाने जाती है ना, तब चुपके से चखके. रोज़."