डिस्कवर न उतरलेले पाय

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपल्या संस्थेचे विश्वस्त, मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या सर्वांचे बटणकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, कार्यशाळेतले माझे सहकारी, आणि आमच्याकडे बनवलेल्या पायांवर चालत इथवर आलेले तुम्ही सगळे,

मी कृत्रिम पाय बसवण्याच्या विभागात काम करते. मला भाषण येत नाही असं म्हणायची पद्धत आहे, मला येतं. चांगलं लिहून आणलं होतं, पाठही केलं होतं. ते पर्समध्येच राहू द्या. आज सकाळी जे घडलं त्यानं माझ्या पायाखालची जमीन सरकली आहे, आणि ते मनात दाबून काकांचे गोडवे गाणं मला जमणार नाही. अध्यक्षांना मी आत येतानाच कल्पना दिली. त्यांचा चेहरा तुम्ही बघताच आहात.

आधी काकांबद्दल. त्यांना बटणकाका का म्हणतात? आपलं पाय कोरणारं यंत्र एकाच जुन्या प्रोग्रामचं ऐकतं. तो प्रोग्राम ज्या संगणकावर होता, तो एकदा बंद केला की पुन्हा सुरू होताना नाकी नऊ आणायचा. म्हणून काकांनी नियम घातला, बटणाला कुणी हात लावायचा नाही. साफसफाईच्या मावशींना, मला, एकदा तर प्रत्यक्ष विश्वस्तांना त्यांनी दंड धरून मागे ओढलं आहे. विश्वस्त हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.

पुढे तो संगणक गेलाच. तेव्हा काकांनी नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक उभा केला. खरा नव्हे, जुन्याचं सोंग घेतलेला. त्याची डिस्कही आभासी. बाहेरून बघाल तर नुसती एक फाइल, आतून अख्खी डिस्क. ती केवढी ठेवायची, कशी जोडायची, म्हणजे त्या हट्टी प्रोग्रामला ती आपलीच वाटेल, या खटपटीत काका जेवायचं विसरायचे. वहिनी, खोटं आहे का? शेवटी पहिला पाय कोरून बाहेर आला आणि आम्ही टाळ्या पिटल्या.

हा सोंगाड्या संगणक बंद-चालू करायला काहीच अडचण नव्हती. पण सवय! काकांनी त्यालाही कधी बंद होऊ दिलं नाही. पडदा मालवायचा, वर फडकं टाकायचं, घरी जायचं. वीज गेली की बॅटरीकडे धूम. आम्ही त्यांची केवढी टिंगल केली!

आज सकाळी काकांच्या जागी आलेल्या इंजिनिअरबाईंकडे काम सोपवायचं होतं. मीही तिथे होते. काका म्हणाले, "इतकी वर्षं मी याला झोपू दिलं नाही. आज माझ्या हातानं बंद करतो. बाई, तुम्ही तुमच्या हातानं सुरू करा." किती छान कल्पना, नाही का? मी तर फोटोसुद्धा काढला. फोटोत काका हसताहेत.

बाईंनी सुरू केलं. पाय बनवून घेतलेल्यांची यादी उघडली, तर आत मोजकीच माणसं. अगदी सुरुवातीची. बाकी सगळे गायब. काका म्हणाले, "दुसरीच डिस्क जोडली गेली असेल." बाईंनी डिस्कच्या सेटिंग्ज उघडल्या, एका ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, ही तात्पुरत्या पद्धतीनं जोडली आहे. मूळ फाइलला हात लावायचा नाही, बदल बाजूला ठेवायचे आणि बंद करताना टाकून द्यायचे."

"ते चाचणीपुरतं होतं," काका म्हणाले. मग हातातल्या फडक्याची घडी घालत, "काढायचं राहिलं."

नकाशा खराब होऊ नये म्हणून आपण वर ट्रेसिंगचा कागद ठेवून त्यावर गिरवतो ना, तसंच हे. चाचणीला उत्तम सोय. पण चाचणी संपली तरी आमची सगळी वर्षं त्या पातळ कागदावरच लिहिली जात होती, आणि बटण दाबताच तो कागद गेला. तुम्ही विचाराल, नकला नव्हत्या? होत्या हो! काका दर आठवड्याला न चुकता नक्कल घ्यायचे. पण कुणाची? मूळ फाइलची, जी पहिल्या दिवसापासून बदललेलीच नव्हती. कपाटभर नकला, सगळ्या एकसारख्या! बाई एकेक जोडून बघत होत्या. दर वेळी काका पुढे वाकायचे, पुन्हा मागे व्हायचे. मला ते बघवेना.

काय गेलं, सांगू? तिकडे खांबाजवळ बसलेल्या शिवणकाम करणाऱ्या ताई बघा. त्यांना पाय टोचायचा. त्या येत राहिल्या, आम्ही आकार जरा इकडे, जरा तिकडे सरकवत राहिलो. मग एके दिवशी ताई सांगायला आल्या, "आज मी पाय घातलाय हेच विसरले." तो आकार त्या डिस्कवर होता. ताईंचा पाय आता झिजलाय, उद्या नवा कोरायचा होता. काय कोरणार आता? तो पहिला, टोचणारा?

काका मला म्हणाले, "मी समारंभाला येत नाही. कोणत्या तोंडानं येऊ?" मी म्हटलं, "तोंड कुठलंही आणा, पण या. सांगायचं काम मी करते."

बसा, बसा. रागवा काकांवर, रागवायलाच हवं. मीही रागावले आहे. पण पुढचं ऐका. मगाशी दारात उभी राहून मी तुमचं स्वागत करत होते. तुमच्या पायांकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आकार डिस्कवर नाहीत, पण ते कोरले गेलेत आणि तुम्ही ते घालून आला आहात! आतून त्यांचं माप घेता येतं. त्या डिस्कची एकुलती एक नक्कल आज स्वतः चालत या सभागृहात आली आहे.

म्हणजे काय, तर ज्यांच्या हातून तुमचा पाय एकदा गेला, त्यांच्याच हातात तो पुन्हा काढून द्यायचा. आज लगेच नको, घरी विचार करा, सावकाश...

काय, ताई? मोठ्यानं बोला. अहो, जरा शांत राहा, ऐकू येत नाही. ताई म्हणताहेत, "विचार कसला करायचा? माझा घ्या, मी काढलासुद्धा."

सांभाळून. हातोहात पुढे द्या. डॉक्टरसाहेब, जरा पलीकडे सरकता का? काका, रडता काय, उठा, माप घ्यायची पट्टी घ्या.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. काकांचं इतक्यात घालू नका, आधी त्यांना काम करू द्या. अध्यक्ष महोदय, तो पुष्पगुच्छ तेवढा उचला. टेबल मोकळं हवंय.