एम वाय नावाची बाई

"हॅलो?… हाव, लागला काय एकदाचा… छाया बोलून राह्यली, खामगावहून. खातं आमच्या ह्याईच्या नावानं हाय, कुलदीप. त्याईच्याच फोनवरून करून राह्यली."

कुलदीप आज फोन घरीच विसरून खताच्या दुकानावर गेला होता, म्हणून छायाला ही संधी. टीव्हीवर पिक्चर दाखवणाऱ्या कंपनीचं तेच ते गाणं ऐकून कान तापला होता. समोर टीव्हीवर मुकाट प्रश्न उभा होता, कोण पाहणार? खाली दोनच चौकोन. एकात कुलदीप. दुसऱ्यात इंग्रजीत एम, वाय, आणि वर गुलाबी साडीतल्या बाईचं चित्र.

"नाही दादा, पिक्चर अटकत नाही… ऐका ना. आमच्या खात्यात एक बाई घुसली… हाव, बाईच."

बारावीचं इंग्रजी तेवढं समजायला पुरेसं होतं. एम वाय, माय, म्हणजे माझी. आणि कुलदीपने जिला माझी म्हणावं ती तर इकडे फोन धरून उभी होती.

"काय पाह्यलं तिनं?… कोणता?… तो तर भाड्याचा हाय ना?"

दिवाळीपासून छाया ह्याच पिक्चरसाठी कुलदीपच्या मागे लागली होती. कुलदीपचं ठरलेलं उत्तर, भाडं काऊन भरावं, फुकट झाला का पाहू. म्हणजे बायकोच्या वाट्याला थांबणं आणि गुलाबी साडीच्या वाट्याला पिक्चर. दर शनिवारी हा दुकानाच्या कामाने नांदुऱ्याकडे जातो, अन् रात्री ताटावर बसून म्हणतो, भूक नाही. जेवूनच येत होता तर.

"आत्ता?… आत्ता पाहून राह्यली ती?… काढा तिले. माझ्या डोयासमोर काढा… पिक्चर मधात तुटला तं तुटू द्या."

चौकोन नाहीसा झाला. छायाला फार दिवसांनी गार वाटलं.

तेवढ्यात फोनमध्ये टुक टुक झालं. दुसरा कोणीतरी लावत होता. तिने फोन कानापासून दूर धरला आणि पाहिलं तर नाव तेच, एम वाय. टीव्ही बंद पडल्याबरोबर सटवीने तक्रार लावली होती. मग नावाखालचा फोटो उजळला. डोक्यावरून पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नातवाच्या बारशातली ती जांभळी पैठणी. नांदुऱ्याजवळच्या वडनेर भोलजीच्या सुभद्राबाई. सासूबाई.

"हाये, हाये लाइनवर… दादा, ते काढलेलं परत टाका… सासू हाय ते माझी… माझी नाही हो, माय. आमच्याकडे आईले माय म्हंतात… आता मले काय माहीत त्याईनं असं लिहिलं."

राग उतरायला हवा होता. तो उतरला नाही, नुसता नांदुऱ्याहून वडनेरला गेला. सवत निघाली नाही हे खरं, पण पिक्चर तर तिकडेच लागला होता. टीव्हीवर चौकोन पुन्हा दोन झाले. छायाने ते नीट पाहिले, कुलदीप आणि त्याची माय.

"अन् दादा… माझं नाव काऊन नाही याच्यात?… कोणं काढलं मंग?… टाकलंच नव्हतं?"

तिने दोन चौकोनांशेजारची रिकामी जागा पाहिली. तिकडून दोनदा हॅलो आलं असावं.

"हाये… टाका एक नवीन. लिहा, एस यू एन… सून… सूर्य? बरं, सूर्य समजा. तो बी घरात सगळ्यायच्या आधी उठते, अन् त्याले कोणी पिक्चर दाखवत नाही… हाव, झालं समाधान. ठेवते आता. त्या एम वायचा फोन परत येऊन राह्यला."