आमचे भाडेकरू गव्हर्नर

हसा, खुशाल हसा! ज्याचा भाडेकरू गव्हर्नर झालेला नाही त्याला हसायला काय जातंय? अहो, लोकांचे भाडेकरू काय होतात? हेडक्लार्क होतात, स्टेशनमास्तर होतात, फार झालं तर मामलेदार होतात, आणि बदली झाली की भांडीकुंडी बांधून 'येतो हं अण्णा' म्हणून निघून जातात. माझा गेला तो थेट राजभवनात गेला. आणि जाताना माझ्या वरच्या दोन खोल्यांना कुलूप लावून किल्ली जानव्याला अडकवून गेला. तुम्हाला सांगतो, माणूस वाईट नाही... पण खोली सोडत नाही!

आता नीट ऐका. कल्याणात पारनाक्यावर आमचं घर. मोठं म्हणाल तर मोठं नाही. खाली बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, तिथे मी, आमची ही आणि आमचा प्रभाकर. वर दोन खोल्या आणि रस्त्यावर आलेली गॅलरी. सत्तेचाळीसच्या दसऱ्याला दारात टांगा थांबला, त्यातून एक ट्रंक, एक चरखा आणि सुहासिनीबाई उतरल्या आणि त्यांच्या मागून त्यांचे यजमान, त्र्यंबकराव टिपणीस, वकील. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, वकिली पार बसलेली, अंगावर जाडंभरडं खादीचं जाकीट. हात जोडून म्हणाले, "अण्णा, चार दिवसांची सोय होईल का?" आता स्वातंत्र्य नुकतंच आलेलं, देशासाठी तुरुंगात गेलेला माणूस दारात उभा, त्याला नाही कसं म्हणणार? म्हटलं, चार दिवसच ना, राहा. हे चार दिवस लक्षात ठेवा हं. त्यानंतर भाड्याचा नवा कायदा आला, भाडेकरूला हात लावायची सोय राहिली नाही, आणि आमचे चार दिवस अजून चालू आहेत.

भाडं वेळच्या वेळी द्यायचे, मोठ्याने बोलायचे नाहीत, संकष्टीला हिच्या हातात मोदकाचा नारळ आणून द्यायचे. भांडायला जागाच नाही. तेच तर दुखणं!

बरं, वकील राहिले असते तर चाललं असतं. पण नाही, निवडून आले आणि झाले उपमंत्री. खातं कुठलं? दारूबंदी! सगळ्या कल्याणात पेढे वाटले. आणि महिनाभरात काय? पोलीस घरावर आले. कुणीतरी कळवलं होतं की दारूबंदीच्या मंत्र्याच्या घरी दारू गाळतात. जमादार गुणाजी बिचारा दबकत जिना चढतोय, मंत्र्याच्याच घराची झडती घ्यायची म्हणजे काय खाऊ आहे? तर जिन्याच्या वळणावर एक मोठी बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि वास... आता काय सांगू. सुहासिनीबाईंनी सांध्यांसाठी द्राक्षासव घातलेलं! गुणाजी म्हणतो, "साहेब, बरणी कुणाची म्हणून लिवायची?" आणि आमचे त्र्यंबकराव, पक्के वकील, चष्मा पुसत काय म्हणावेत? "जमादार, बरणी कुठे आहे? जिन्यावर. जिना कुणाच्या ताब्यात? घरमालकाच्या." मी खाली पाटावर जेवायला बसलेलो, हातात पहिला घास, आणि माझं नाव पंचनाम्यात! दुसऱ्या दिवशी पेपरात, 'मंत्र्याच्या शेजाऱ्याकडे आसव'. सासुरवाडीला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पुढे वैद्याची चिठ्ठी दाखवल्यावर सुटलो. त्र्यंबकराव स्वतः चौकीवर न्यायला आलेले. हात धरून म्हणाले, "अण्णा, माझ्यामुळे झालं. तुम्ही नसता तर मंत्रिमंडळ हललं असतं." आता अशा माणसाला काय बोलणार? माणूस वाईट नाही हो. पण खोली सोडत नाही!

मग आलं छप्पन्न साल. सगळा महाराष्ट्र पेटलेला, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून. मी स्वतः त्यातलाच, आमच्या हिने तर मोर्चात लाटणं नेलेलं. आणि आमचे भाडेकरू? ते दिल्लीच्या बाजूला! 'पक्षाची शिस्त, अण्णा, पक्षाची शिस्त.' मग काय, रोज संध्याकाळी आमच्या दारात काळे झेंडे. हे गॅलरीत उभे राहून दोन्ही हात जोडून लोकांना समजावायला बघायचे, आणि लोक दगड मारायचे. पण दगड मारायलाही मनगटात जोर लागतो हो! वरच्या मजल्यावर एक पोचेल तर शपथ. सगळे माझ्या खालच्या खिडकीवर. मी ओरडतोय, "अरे, मी तुमच्यातलाच!" आणि बाहेरून आवाज येतो, "बाबा, खाली वाका!" कोण? आमचा प्रभाकर! पुढच्याच रांगेत, काळा झेंडा घेऊन. स्वतःच्या घरापुढे घोषणा देऊन घसा बसला की आत येऊन आईकडे हळददूध मागायचा. एकदा काच फुटून माझ्या कपाळाला लागली, तर त्र्यंबकराव तसेच दगडांतून जिना उतरून आले, आयोडीनची बाटली घेऊन. स्वतःच्या हाताने पट्टी बांधली, वर जाऊन परत हात जोडून उभे राहिले. माणूस... बरं, कळलं ना तुम्हाला? दर वेळी सांगायला नको.

आता दिल्लीपुढे प्रश्न. या माणसाला करायचं काय? मुंबईत ठेवला तर लोक काचा फोडतात, दिल्लीत नेला तर भाषणं करतो. मग म्हणाले, गव्हर्नर करा, तिथे भाषण दुसऱ्यानेच लिहून दिलेलं असतं. झाले गव्हर्नर! तिकडे पूर्वेला लांब. राज्याचं नाव घेत नाही, उगाच तिथल्या लोकांना वाईट वाटायचं. निघायच्या दिवशी मी धीर करून विचारलं. म्हटलं, "साहेब, तिकडे साठ खोल्यांचं राजभवन. मग आमच्या या दोन खोल्या..."

तर मला गॅलरीत घेऊन गेले. म्हणाले, "अण्णा, दिल्ली देते तशी काढूनही घेते. मंत्रिपद गेलं, उद्या हेही जाईल. इतकी वर्षं राजकारणात काढली, स्वतःचं घर काही बांधलं नाही. मग परत येऊन उभा कुठे राहू?" आणि किल्ली जानव्याला अडकवली. मी म्हटलं, "प्रकृतीला जपा."

इथपर्यंतही चाललं असतं हो. पण प्रभाकरचं लग्न ठरलं! मुलगी ठाण्याची, नीला, शिकलेली, गोड, आमच्या हिला एका भेटीत आवडलेली. आणि तिचे वडील श्रीपादपंत. म्हणजे माणूस असा की जेवायला बसला तर आधी पाट हलतोय का ते बघेल. घर बघायला आले. बाहेरची खोली बघितली, मधली बघितली, वर गेले आणि कुलूप हातात धरून बघितलं.

"हे काय?"

"गव्हर्नरसाहेबांची खोली."

"आणि नवराबायकोची खोली?"

"तीच... म्हणजे मोकळी झाली की."

"म्हणजे आमच्या मुलीने गव्हर्नरच्या परवानगीने संसार करायचा? अण्णासाहेब, मुलगा पसंत आहे, माणसं पसंत आहेत. पण तुळशीच्या लग्नापर्यंत खोली झाली तर ठीक, नाहीतर डोंबिवलीचं एक स्थळ थांबलंय आमच्यासाठी."

प्रभाकरचं तोंड असं झालं की दोन दिवस जेवला नाही. पोरगं कधी काही मागत नाही, तुम्हाला सांगतो, काळा झेंडासुद्धा त्याने माझ्याच छत्रीचं कापड फाडून केलेला. मला राहवेना. ठाण्याला जाऊन वकील गाठला. तो म्हणतो, "गव्हर्नरवर दावा? आधी दोन महिने लेखी नोटीस द्यावी लागते. घटनेत कलम आहे." मी म्हटलं, "अहो, माझी माडी घटनेत आहे?" म्हणाला, "माडी नाही, भाडेकरू आहे." तरी दिली नोटीस. उत्तर काय आलं? सोनेरी सिंहांच्या शिक्क्याचं पाकीट, पोस्टमनने दोन्ही हातांनी दिलं, मी फोडलं... आतून त्यांचा फोटो! खाली सही, 'प्रिय अण्णांस, सप्रेम.' नोटिशीबद्दल अवाक्षर नाही! आणि आमच्या हिने काय केलं? चौकट करून बाहेरच्या खोलीत लावला. आता सांगा, भिंतीवर ज्याचा फोटो त्याला घराबाहेर कसा काढायचा?

तेवढ्यात गावाने ठरवलं, गव्हर्नरांचा सत्कार करायचा. हो, तेच गाव, दगड मारणारं! गव्हर्नर झाल्यावर दगडांची फुलं झाली. शीळफाट्यापासून कमानी. आणि स्वागताध्यक्ष कोण? मी! का, तर मी त्यांचा घरमालक. मी मनात म्हटलं, अण्णा, देवाने संधी दिली. कोर्टाला जे जमलं नाही ते आता भाषणाने करायचं. भर सभेत इतकी स्तुती करायची, इतकी करायची, की लाजेने खोली सोडली पाहिजे. आरशापुढे आठवडाभर तयारी केली. मांडवात पाय ठेवायला जागा नाही, पहिल्या रांगेत श्रीपादपंत, मी उभा राहिलो आणि म्हटलं, "बंधुभगिनींनो, त्र्यंबकराव म्हणजे त्याग! त्यांनी वकिली सोडली! सुख सोडलं! मंत्रिपद सोडलं! आता त्यांच्याजवळ सोडण्यासारखं उरलंय तरी काय?" आणि थांबलो. चांगला थांबलो. मग हळूच म्हटलं, "दोन खोल्या."

टाळ्या! तुम्हाला सांगतो, अशा टाळ्या की कनात हलली. त्र्यंबकराव उठले, डोळ्यांत पाणी, जानव्याची किल्ली काढली. म्हणाले, "अण्णांनी आज माझे डोळे उघडले. या दोन खोल्यांचा मोह मला सुटत नव्हता. आज सोडतो." मी हात पुढे केला. "आजपासून या खोल्या, अण्णांच्या उदार संमतीने, मी कल्याणकरांना अर्पण करतो. तिथे सार्वजनिक वाचनालय होऊ दे!"

उदार संमती! अहो, चार हजार लोक टाळ्या वाजवतायत, गळ्यात हार पडतायत, फोटोवाला म्हणतोय 'अण्णा, जरा हसा'. माझा हात पुढे आलेलाच होता, त्यात कुणीतरी नारळ दिला. खाली उतरलो तर श्रीपादपंत. "अभिनंदन अण्णासाहेब. मग आमच्या मुलीने काय मासिकांच्या गठ्ठ्यावर राहायचं?"

पण ती नीला! तीच पुढे झाली. म्हणाली, "बाबा, ज्या घरातली माणसं गावाला खोल्या देतात, त्या घरात मला जागा होईल." आता मी काही दिलं नव्हतं हे तिला कोण सांगणार? झालं लग्न. मधली खोली आम्ही त्यांना दिली, आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत आलो. पोरगा जेवायला लागला. म्हटलं, सुटलो.

सुटलो? वाल! वालामुळे सगळं फिरलं. सांगतो. त्र्यंबकरावांना वालाच्या बिरड्यावाचून घास उतरत नाही. हिने सत्काराच्या वेळी मोठी पिशवी भरून कडवे वाल दिलेले, तिकडे मिळत नाहीत म्हणून. आता वाल म्हणजे भिजवा, मोड आणा, आणि मग एकेक दाणा सोलत बसा. आमच्याकडे रीतच आहे, वाल सोलायला बसले की घरात जो कुणी दिसेल त्याने चार दाणे घ्यायचे, पाहुणा असो की जावई. सुहासिनीबाई राजभवनात परात घेऊन बसल्या, समोरून चालला त्यांचा ए.डी.सी., लष्करातला कॅप्टन, कमरेला तलवार, खांद्यावर सोनेरी दोऱ्या. बाई मायेने म्हणाल्या, "ये रे, बस, चार सोल." बसला बिचारा. आणि नेमका पेपरवाला आला मुलाखतीला! दुसऱ्या दिवशी फोटो. 'लष्करी अधिकाऱ्याकडून गव्हर्नर घरकाम करून घेतात!' विधानसभेत गोंधळ, विरोधी पक्ष बाकांवर वाल फेकतोय, मुख्यमंत्री दिल्लीला तार करतायत. त्र्यंबकरावांनी खुलासा काय द्यावा? "आमच्या घरी मीसुद्धा सोलतो." खरंच सोलतात हो! पण कोण ऐकतोय? दिला राजीनामा.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दारात टांगा थांबला. त्यातून एक ट्रंक, एक चरखा आणि सुहासिनीबाई. बारा वर्षांपूर्वीचीच ट्रंक, तुम्हाला सांगतो, कोपरा चेपलेली. इतकी वर्षं मंत्री, गव्हर्नर, आणि सामान तेवढंच. हा माणूस म्हणाला होता, परत येऊन उभा कुठे राहू? आणि त्याची ती जागा मी भर सभेत भाषण करून काढून घेतलेली. त्यांनी हात जोडले.

"अण्णा, चार दिवसांची सोय होईल का?"

हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, चहाचं आधण ठेवलं. बाहेरची खोली त्यांना दिली. मग आम्ही कुठे? वर, वाचनालयात! संध्याकाळी वाचक गेले की सतरंजी घालतो, सकाळी पेपर यायच्या आत उचलतो. आणि वाचनालयाचे अध्यक्ष कोण? तेच! फार नियमाचा माणूस. परवा त्यांनी भिंतीवर पाटी लावली, 'वाचनालयात झोपू नये.' आता मी वर्गणी भरलीय, तोंडावर मासिक धरून पडतो.

चला, उठतो. खालून हाक आली. आज त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय आम्हाला, बिरडं केलंय, वाल मीच सोललेत सकाळपासून. त्यांच्याकडे म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीत. मागच्या वेळी दारात जरा घुटमळलो, तर त्र्यंबकराव उठून आले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "अण्णा, संकोच करू नका. घर आपलंच समजा."

समजतोय. माणूस वाईट नाही हो.