आईची फणी

विमानतळावर तपासणीच्या रांगेत एका प्रवाशाच्या पुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या. त्यांचं बोलणं त्याला आपसूक ऐकू येत होतं.

“आई, कासवाच्या कवचाची फणी नेऊ देणार नाहीत. सगळ्या देशांचा तसा करार आहे.”

“ते कासव माझ्या आईच्या लग्नाआधीच मेलं. आता त्याला काय वाचवणार, कपाळ?”

“त्याला नाही, जिवंत आहेत त्यांना. अशी फणी दिसली की दुसऱ्यालाही हवीशी वाटते.”

“आईची आठवण आहे गं. नातीचे केस विंचरायला नेत होते.”

“माहीत आहे, आई.”

सासूने पिशवीतून फणी काढून हातात घेतली.

“तुझी नणंद परवाच विचारत होती, अशी कुठे मिळेल म्हणून.”

“मग देऊन टाकू तपासणीच्या साहेबांकडे?”

“थांब. आधी तिच्यातले माझे केस काढते. कासवाची उसनी वस्तू, परत देताना पुसून द्यावी.”