वाकायचं काम

हॅलो?… हां, बोल ताई… घसा? तो असाच असतो आता, दिवसभर उघडतच नाही.

हो, गेलो होतो… एकटाच. हिला सुट्टी नव्हती, कामावरून यायचीय अजून… अगं ऐक ना, सांगतो. सगळं सांगतो.

नाकातून नळी घातली. बारीकच होती, पण उतरताना डोळ्यांतून पाणी काढलं. मग चमच्या-चमच्याने पाणी पाजलं, दहा वेळा… अन्ननलिका घास खाली कशी ढकलते ते बघायला. ऑपरेशनच्या आधी करतातच म्हणे.

नाही… नाही होणार… ऑपरेशन गं. करता येणार नाही म्हणाल्या डॉक्टरबाई.

अगं, जठराच्या तोंडाशी झडप असते ना, ती माझी सैल पडलीय. गोळ्यांनी आंबटपणा कमी होतो, पण वर यायचं ते येतंच… हो, तीच झडप ऑपरेशनमध्ये आवळतात. पण माझ्या अन्ननलिकेत खाली ढकलायचा जोरच उरला नाहीये. आवळली तर घास अडकून बसेल… विचारलं ना. दोनदा विचारलं. हवं तर दुसरीकडे दाखवा, म्हणाल्या, पण ते वेगळं सांगतील असं वाटत नाही. चांगल्या आहेत बाई. कागदावर चित्र काढून समजावलं.

थंड दूध?… झालं ताई, थंड दूध झालं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा झाल्या. सहाला जेवण, चहा बंद, नऊ किलो वजन उतरलं. तरी खुर्चीत बसून झोपतो. लोकांच्या पोटातलं ओठावर येत नाही, माझं दिवसातून वीस वेळा येतं… हस, हस. मीपण हसायचो आधी.

नाही, तिथून सरळ घरी नाही आलो. कामावर गेलो, त्या नव्या घराच्या बाथरूमच्या फरश्या चालल्यात ना, तिथे… लंबू होताच. माझा जोडीदार गं, माझ्या वरातीत नाचून पाय मुरगळून घेतलेला… हां, तोच. आठ महिने झाले, जमीन आणि भिंतीचं कमरेखालचं तो करतो. मी उभ्याने होईल तेवढं वरचं.

आज तो सिमेंटचा माल कालवायला बाहेर गेला होता. कोपऱ्यात एक फरशी राहिली होती. एकच. म्हटलं, तीस वर्षं याच कामात गेली, एका फरशीला काय घाबरायचं… वाकलो.

हो… आलं. सगळं आलं. ताज्या बसवलेल्या फरशीवर.

घरमालकीण दारातच उभी होती. मला काही बोलली नाही. लंबू आत आल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "हे पिऊन आलेत का?"… ऐकलं ना मी. दोन हात अंतरावर तर होतो. तो म्हणाला, आजारी आहेत. तर म्हणे, मग माझ्या घरात आणू नका.

नाही गं, भांडतो कसला. लंबूने गुडघ्यावर बसून सगळं पुसून काढलं. मला हात लावू दिला नाही. मग माझी थापी धुतली, रबरी हातोडा धुतला, पिशवीत भरून ठेवला. माझी हत्यारं त्याने कधी धुतली नव्हती, ताई. तेव्हाच कळलं मला. मग म्हणाला, "दादा, सोमवारपासून मी दुसरा माणूस बघतो."

त्याला बोल लावू नकोस… नाही, ऐक. आठ महिने दोघांचं काम एकट्याने ओढलंय त्याने. माझ्या तोंडाकडे बघून बोलला, तेही रडवेला होऊन. आणखी काय करायचं त्याने?

डॉक्टरबाई पण तेच म्हणाल्या, वाकायचं काम सोडा, बसून काहीतरी करा. म्हटलं, बाई, बसूनही येतं.

भावोजींच्या दुकानात?… पोती उचलायचीच ना तिथे? वजन उचललं की तेच… राहू दे. त्यांना म्हणावं, विचारलंत, बरं वाटलं.

हिला? नाही सांगितलं. कसं सांगू? ऑपरेशनवर डोळे लावून बसलीय. रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवलाय, तारीख तेवढी कोरी… हो, आज ना उद्या सांगावंच लागेल. कळतंय मला.

थांब. दार वाजलं… आली.

ताईचा फोन आहे… हो, जाऊन आलो… छे, नळीने काही दुखलं नाही… ऑपरेशन? नको म्हणाल्या. गरजच नाही म्हणे, गोळ्यांवर भागेल… खरंच. तू बस आधी, पाणी पी.

…ताई? आहेस ना?… आत गेली ती… मला माहितीये गं काय बोललो ते… रडू नकोस, तू रडलीस तर मला आवरणार नाही.

तिचा फोन आला तर तूही हेच सांग… दोन-चार दिवसच… सांगशील ना?

ऐक… गुणगुणतेय गं ती. भांडी लावता लावता… किती महिन्यांनी.

ठेवतो.