नुसतं अस्तर

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या पोस्टमनचे कान शेजारच्या शिंपीणबाई आणि त्यांच्या लॅपटॉप उघडून बसलेल्या लेकीकडे लागले होते.

"आई, पाचपर्यंत सरांना प्रबंधाचं प्रकरण पाठवायचंय."

"चाळीस पानं झालीत ना?"

"झालीत. पण सगळी दुसऱ्यांची मतं."

"आणि तुझं?"

"शेवटी, चार ओळी."

"म्हणजे नुसतं अस्तर शिवलंस. कापड कुठाय?"

"मग काय, सगळं उसवू?"

"उसव. गिरणीतल्या बायकांशी तू स्वतः बोललीस ना? तिथून सुरू कर."

"दोनच तास उरलेत गं!"

"तेवढ्यात मी अख्खा कोट उसवून पुन्हा शिवलाय."

"बरं... आई, तुझा नंबर आला. चल, मी येते आत."

"बस खाली. भाऊ, तुम्ही जा आधी. माझी दाढ पाचनंतरही दुखेल."