स्कॅनरला कुंकू

तुम्ही हसाल, पण ह्यांचा हात प्रेसमध्ये सापडला तर, या एका विचारानं मला कित्येक रात्री झोप नव्हती. हे गेवराईकडं एका जिनिंगमध्ये कामाला आहेत, कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसवर. मग मालकानं त्या प्रेसला लेझर स्कॅनर बसवला. कुणी जवळ गेलं की प्रेस आपोआप बंद. हे म्हणाले, "आता तरी झोप बाई." आणि मी खरंच झोपायला लागले.

खंडेनवमीला मशीनच्या पूजेला आम्हा बायकांनाही बोलावलं होतं. मी बीएस्सी झालेली बाई, पण त्या स्कॅनरपुढं हात आपोआप जोडले गेले. वर त्याच्या काळ्या काचेवर चांगलं ठसठशीत कुंकूही लावलं. नारळ फुटला, ह्यांनी बटण दाबलं, तर प्रेस हलेना. फिटरनं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, त्याच्या डोळ्यात कुंकू घातलं व्हय? त्याला दिसंना झालं की ते प्रेस चालूच होऊ देत न्हाई."

सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आतून लई बरं वाटलं. एवढं जपणारं यंत्र असल्यावर कसली भीती?

तेवढ्यात माझ्या कडेवरची ओवी ह्यांना म्हणाली, "पप्पा, ती चावी फिरवा ना, व्हिडिओ कॉलवर दाखवली ती. मग तुमी आत हात घातला तरी थांबत न्हाई."